अकरा जुलै, दहा सत्तावीस

उज्ज्वलाबाई कानवड्यांना डॉक्टरांची तारीख आठ महिन्यांनंतरची मिळाली, तेव्हा अमृतवेल सोसायटीच्या बी विंगमध्ये पेढे वाटले गेले.

पेढे समोरच्या फ्लॅटमधल्या शिरसाठ सरांनी आणले होते. सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. दुसऱ्याच्या आनंदात त्याच्याआधी पोहोचण्याची त्यांना सवय होती.

"वहिनी, मनापासून अभिनंदन. मागच्या खेपेला चारच महिने होते ना? थेट दुप्पट. तब्येत राखलीत हं."

"कसलं राखलीय," उज्ज्वलाबाई लाजून म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दाराला हात टेकून उभ्या राहिल्या. "तुम्हाला तर तीन महिन्यांपूर्वी अकरा महिन्यांची मिळालीय म्हणे."

"अकरा." सरांनी मान खाली घातली. मोठा सत्कार स्वीकारताना माणसं घालतात तशी. मग ती वर करून त्यांनी कोपऱ्यातल्या आरामखुर्चीकडे पाहिलं. "तुमची काय आली हो, कानवडे?"

"अजून आली नाही," भालचंद्र कानवडे म्हणाले.

त्यांची तारीख बायकोच्या आधी वीस मिनिटं आली होती. ती ज्या फोनवर आली तो फोन या क्षणी त्यांच्या मांडीखाली पालथा होता. आज सोमवार. तारीख गुरुवारची, सकाळी नऊ अठराची. कानवड्यांनी चौतीस वर्षं संगमनेरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली होती. "पाच मिनिटांत लागतेय गाडी" हे वाक्य त्यांनी हजारो प्रवाशांच्या डोळ्यांत बघून म्हटलं होतं. त्यामुळे खोटं बोलताना त्यांचा चेहरा विशेष प्रामाणिक दिसे.

सर गेल्यावर त्यांनी फोन काढला आणि तारीख पुन्हा वाचली. वाचल्याने ती लांब गेली नाही.

गुरुवार म्हणजे तीन दिवस. बी विंगमध्ये तीन दिवसांची तारीख आजवर कुणालाच आली नव्हती.

ही गोष्ट 'घटिका' ही तारखा देणारी मशीन येऊन चार वर्षं झाल्यानंतरची. त्याआधी चिरंतन रुग्णालयात नंबर लावायला पहाटे पाचला जावं लागे. माणसं रांगेत आपली चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवून चहाला जात. आठ वाजता खिडकी उघडे तेव्हा बाहेर साठ चपला शिस्तीत उभ्या असत आणि त्यांच्या मालकांत भांडण चालू असे. घटिकेने ते सगळं बंद केलं. आता घरून फोन करायचा. एक मऊ आवाज विचारायचा, "काय होतंय? सावकाश सांगा." आपण दोन मिनिटं सांगायचं. त्यातले शब्द मशीन ऐके, पण शब्दांवर तिचा फारसा विश्वास नसे. ती श्वास ऐके. एका श्वासात माणूस किती शब्द बोलतो, वाक्य संपता संपता आवाज कुठे बसतो. मनगटावरच्या पट्ट्यातून नाडी घेई, खिशातल्या फोनच्या हिंदकळण्यावरून चाल ओळखे. या सगळ्यावरून या माणसाला डॉक्टरांची किती गरज आहे याचा एक आकडा काढी आणि तारीख देई. रुग्णालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'ज्याला गरज, त्याला आधी.'

एवढं वाचून लोकांनी पुढचं वाक्य स्वतःच लिहून टाकलं. ज्याला उशिरा, त्याला गरज नाही.

वर्षभरात लांबची तारीख हा तब्येतीचा दाखला होऊन बसला. स्थळाच्या माहितीपत्रकात उंची, शिक्षण आणि आई-वडिलांची तारीख असे तीन रकाने आले. सकाळी फिरायला जाणाऱ्या गटातल्या एकांना पुढच्याच आठवड्यातली तारीख आली, तर बाकीचे त्यांच्याशी मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलू लागले. रुग्णालयाने या समजुतीला कधी दुजोरा दिला नाही. खंडनही केलं नाही. जी माणसं पूर्वी 'आठ महिने थांबायचं?' म्हणून खिडकीवर हात आपटत, तीच आता पेढे आणत होती. कुठलं व्यवस्थापन असल्या गैरसमजात ढवळाढवळ करील?

दुपारी केतकीचा पुण्याहून फोन आला. कानवड्यांची ही एकुलती एक मुलगी. नाशिकच्या आहेरांच्या मुलाशी तिचं जवळजवळ ठरलं होतं, म्हणजे दोघांचं ठरलं होतं आणि घरच्यांचं ठरायचं होतं.

"बाबा, आहेर काकूंनी तुमच्या दोघांच्या तारखा मागितल्यात. आईची मी कळवली. खूश झाल्या. तुमची?"

"येईल."

"आईची आली आणि तुमची नाही? फोन तर एकदमच केला होता तुम्ही."

"मशीन आहे ती. तिलाही बाकीची कामं असतील."

बापाच्या आवाजात स्टँडवरचा आवाज आला की ओळखायला केतकी लहानपणीच शिकली होती. "बाबा, काही लपवत नाही आहात ना?"

"गुडघा सोडून मला काहीही झालेलं नाही," कानवडे म्हणाले. त्यांच्या माहितीपुरतं ते खरं होतं. पण आता प्रश्न त्यांच्या माहितीचा उरलाच नव्हता. मशीनला काय माहीत होतं?

मंगळवार त्यांनी स्वतःवर पाळत ठेवण्यात घालवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली. आरशासमोर जीभ काढली. एका श्वासात संगमनेर ते पुणे सगळे थांबे म्हणून पाहिले. मंचरपर्यंत सहज गेले, राजगुरुनगरला अडखळले. तिशीतही ते तिथेच अडखळत, पण हे मशीनला कोण सांगणार?

लिफ्ट आठवडाभर दुरुस्तीला होती. संध्याकाळी भाजी घेऊन नवरा-बायको जिना चढत होते. कानवडे पायरीगणिक आपला श्वास मोजत होते, म्हणून त्यांना दुसराही एक श्वास ऐकू आला. दुसऱ्या मजल्यावर उज्ज्वलाबाई थांबल्या आणि कुणाच्या तरी दाराशी ठेवलेल्या कुंडीकडे वाकून बघू लागल्या.

"ओवा छान आलाय नाही यांचा?"

कालही तिने ओव्याचं कौतुक केलं होतं. परवाही. ओवा काही रोज छान येत नाही. कानवडे दोन पायऱ्या वर जाऊन वळले. तिचा एक हात कठड्यावर होता, दुसरा पदराखाली छातीवर. चपलेचा पट्टा पावलात रुतला होता आणि पावलं उशीसारखी फुगली होती. उशीवरून त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. दिवाळीपासून तिच्या डोक्याखाली तीन उशा असत. 'मान अवघडते,' ती म्हणाली होती. त्यांनी ते वर्तमानपत्राच्या आडून ऐकलं होतं.

"तुला धाप लागते."

"वय झालं आता."

"पावलं बघ."

"दिवसभर उभी असते. सुजणारच." मग ती हसली. "आणि मला काही असतं, तर मशीननं आठ महिने ठेवलं असतं का? तिला सगळं कळतं म्हणतात. उगाच कशाला शंका काढता?"

शंका काढणं हा कानवड्यांचा पेशा होता. स्टँडवर समोरून येणारी गाडी ही तीच गाडी आहे, हेदेखील ते पाटी वाचल्याशिवाय मानत नसत. पण आजवर त्यांनी घरात कधी शंका काढली नव्हती. घरातल्या गाड्या वेळेवर लागत होत्या.

बुधवारी सकाळी उज्ज्वलाबाईंनी शिरसाठ सरांचा पेढ्यांचा डबा परत द्यायला त्यांना पाठवलं. डबा रिकामा जाऊ नये म्हणून त्यात चिवडा होता. सरांच्या दिवाणखान्यात भिंतीवर, त्यांना मिळालेल्या आदर्श शिक्षक पुरस्काराच्या जागी, नवीन चौकट लावलेली होती. काळ्या शाईत, कोरून काढल्यासारखी वळणदार अक्षरं: ११ जुलै, सकाळी १०.२७.

"दोन दिवस लागले," सर म्हणाले. "विशेषतः त्या सातला."

कानवडे चौकटीसमोर उभे राहिले. त्यांचा चष्मा खिशात होता. तो त्यांनी काढला, पुसला, घातला.

"डॉक्टर कोण, सर?"

"पठारे. प्राथमिक तपासणीला सगळ्यांना आधी पठारेच असतात."

"खोली?"

"चार नंबर. का हो?"

कानवड्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. केतकीला सांगायला म्हणून बायकोची तारीख त्यांनी त्यावर लिहून घेतली होती. अकरा जुलै. दहा सत्तावीस. डॉ. पठारे, खोली चार. खोलीत डॉक्टर एक, तपासायची खुर्ची एक आणि वेळ नऊ मिनिटं.

एकच सीट दोघांना कधी देतात, हे कानवड्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सव्वासहाच्या पुणे गाडीला सतरा नंबर हमखास बुक व्हायचा आणि बुक करणारे काही ठरावीक गृहस्थ हमखास यायचे नाहीत. एखाद्याला लग्नाला जायचं असे, पण निघताना बायकोशी वाजे. एखाद्याला जायचंच नसे, फक्त जाणार आहोत असं घरात दाखवायचं असे. गाडी सुटली की रिकामी सीट रिकामीच जाते, ती मागाहून भरता येत नाही. म्हणून कानवडे आरक्षणाच्या तक्त्यावरची नावं बघत आणि गुपचूप सतरा नंबर आणखी एकाला देत. चौतीस वर्षांत दोन्ही माणसं एकदम आली असं दोनदाच झालं. एकदा त्यांची कॉलर फाटली होती.

"सर," त्यांनी विचारलं, "तुम्ही कधी गेलात का?"

"कुठे?"

"मिळालेल्या तारखेला."

सरांना प्रश्न कळला नाही. "अहो, जायचं कशाला? दिवस जवळ आला की रद्द करायची आणि नवी घ्यायची. नवी आणखी लांबची मिळते. मी पाचापासून चढत चढत अकरावर आलोय. तारीख लांबची आलीय आणि डॉक्टरकडे जायचं, हे म्हणजे पहिल्या नंबराने पास झालेल्या पोराला शिकवणी लावण्यासारखं झालं."

कानवडे चिवडा देऊन, डबा तिथेच ठेवायचा होता तो विसरून परत घेऊन बाहेर पडले आणि तसेच रुग्णालयात गेले.

मदत खिडकीवर रेश्मा शेख होती. शेख कंडक्टरांची मुलगी. तिला त्यांनी फ्रॉकमध्ये स्टँडवर वडिलांचा डबा घेऊन येताना पाहिलं होतं.

"कानवडे काका. उद्याची तारीख आहे ना तुमची? आजच आलात? एवढी काळजी करू नका, नव्व्याण्णव असलेल्या माणसाला…" ती थांबली.

"नव्व्याण्णव काय?"

"काही नाही."

"रेश्मा, तुझ्या अब्बांच्या गाडीत मी सतरा नंबर किती वेळा दोघांना दिला असेन, हे तुला घरी कळलं असेलच. अकरा जुलैला चार नंबरच्या खोलीत दहा सत्तावीसला किती माणसं आहेत, तेवढं सांग."

रेश्माने इकडेतिकडे पाहिलं. "तीन," ती हळू म्हणाली.

"तिघांपैकी किती येतील असं तुमचं म्हणणं?"

"माझं काही म्हणणं नाही, काका. मशीनचं म्हणणं आहे, शून्य ते एक." तिने आवाज आणखी खाली आणला. "गरजेचा आकडा असतो, तो सगळ्यांना सांगितलाय. दुसराही एक असतो. माणूस येण्याची शक्यता. डॉक्टरांची नऊ मिनिटं रिकामी गेली की मशीनचे गुण कापले जातात. भरली की मिळतात. चुकीच्या माणसाला लांबची तारीख दिली म्हणून तिचे गुण कुणीच कापत नाही. मग ती काय शिकणार? जो नक्की येतो त्याला आधी. जो येणार नाही असं वाटतं त्याला लांब. आणि लांब दिली की माणूस खरंच येत नाही. विसरतो, गावाला जातो, दुसरा डॉक्टर गाठतो. मशीन म्हणते, बघा, मी म्हटलंच होतं. पुढच्या खेपेला आणखी लांब."

"किंवा मरतो."

"तेही 'आले नाहीत' मध्येच जातं, काका."

रेश्मा उठली. "मी पाणी पिऊन येते. स्क्रीन मला कुणाला दाखवता येत नाही. बंद करायची मात्र कधीकधी राहून जाते."

ती गेली. स्क्रीन अर्धी वळलेली होती.

उज्ज्वला भालचंद्र कानवडे. गरज: शंभरात एकाहत्तर. येण्याची शक्यता: शंभरात सहा.

त्याखाली तिने चार वर्षांत रद्द केलेल्या तारखा होत्या, आणि रद्द करताना त्या मऊ आवाजाला सांगितलेली कारणंही. मशीनने ती इमानेइतबारे उतरवून ठेवली होती. मुलीची परीक्षा आहे. घरी पाहुणे आहेत. गौरी बसणार आहेत. यजमान बाहेरगावी निघालेत, डबा द्यायचाय. सासूबाईंचं वर्षश्राद्ध. यजमानांचा गुडघा दुखतोय. यजमानांची डोळ्यांची तारीख त्याच दिवशी आहे, सोबत जायचंय.

कानवड्यांनी यादी दोनदा वाचली. 'यजमान' तीनदा आलं होतं.

खाली त्यांचं स्वतःचं नाव. येण्याची शक्यता: नव्व्याण्णव. चार वर्षांत एकही तारीख चुकवली नाही, दर वेळी अर्धा तास आधी हजर. वाचताना त्यांना ती सकाळ दिसली, अशी प्रत्येक सकाळ: बंबातलं पाणी काढलेलं, शर्ट खुर्चीवर, नाश्ता ताटलीत, जुनी चिठ्ठी आणि चष्मा पिशवीत. नव्व्याण्णव आकडा त्यांचा होता, पण त्यातले पन्नास तरी तिने उभे केले होते. स्वतःकडे तिने सहा ठेवले होते.

त्यांची गरज किती, ते वाचायला स्क्रीन थोडी खाली सरकवावी लागली असती. तेवढ्यात रेश्मा परत आली आणि तिने स्क्रीन वळवली.

"तिची तारीख अलीकडे घेता येईल?"

"माणसाला बदलता येत नाही, काका. मोठे डॉक्टरसुद्धा बदलू शकत नाहीत. वशिला नको म्हणून तर मशीन आणली."

"आणि माझी तिला देता येईल?"

रेश्मा खेदाने हसली. "तपासायची खुर्ची माणूस ओळखते."

बायकोला 'तुला डॉक्टरकडे नेतो' असं सांगण्यात अर्थ नव्हता. केतकीचं ठरत असताना आईने आठ महिन्यांची तारीख सोडून आठवड्यात डॉक्टर गाठायचा, हे तिने ऐकूनच घेतलं नसतं. गुरुवारी सकाळी सात वाजता कानवडे म्हणाले, "अगं, आज माझी तारीख आहे."

उज्ज्वलाबाईंच्या हातातलं उलथनं थांबलं. "आज? तुमची? आणि मला सांगितलं नाहीत?"

"सोमवारीच आली होती."

"तीन दिवसांची?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी गॅस बंद केला. केतकी, आहेर काकू, शिरसाठ सर, कुणाचंच नाव त्यांनी काढलं नाही. "पिशवी भरते. साडेआठला निघू. चहा घ्या तोवर."

स्वतःसाठी ती चार वर्षांत आली नव्हती. त्यांच्यासाठी साडेआठच्या आधी दारात उभी होती. जिना उतरताना ती दर मजल्यावर थांबली आणि दर वेळी त्यांनाच विचारलं, "धाप लागतेय का हो?"

चार नंबरच्या खोलीत पाऊल टाकताच भिंतीवर नऊ मिनिटांचा आकडा उलटा पळू लागला. डॉ. अनघा पठारे चाळिशीच्या, रात्रपाळी केल्यासारख्या दिसणाऱ्या. खोलीत मधोमध ती खुर्ची होती. बसलं की वजन, नाडी, हृदयाचा आलेख, सगळं आपोआप घेणारी.

"बसा, काका."

कानवड्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तिला खुर्चीत बसवलं.

"अहो, काय करताय?"

"बस."

"तारीख तुमची आहे," डॉक्टर म्हणाल्या. "खुर्ची दुसऱ्याची नोंद घेणार नाही."

"खुर्चीला राहू दे. तुमच्या गळ्यात ती नळी आहे ना? ती तर कुणालाही लागते." कानवड्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर त्यांनी रात्री गाडीच्या वेळापत्रकासारखं सगळं मांडलं होतं: धाप, कोणत्या मजल्यावर, कधीपासून, उशा, दिवाळीआधी दोन, आता तीन, पावलं, संध्याकाळी जास्त. "एकाहत्तर आहे ती. तिला जुलैची तारीख आहे."

डॉक्टरांनी कागद वाचला. एकदा भिंतीकडे पाहिलं. सात मिनिटं चाळीस सेकंद. "काका, तुम्हाला तीन दिवसांत बोलावलंय. काही कारण असेल. ही वेळ गेली की तुमची तपासणी कधी होईल मला सांगता येणार नाही."

"असेल कारण," कानवडे म्हणाले. तीन दिवस ते याच भीतीबरोबर जेवत होते. "आधी हिचं बघा."

"मी उठते," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "डॉक्टर, ह्यांचं बघा आधी. मला काही नाही. मला आठ महिन्यांची…"

डॉक्टरांनी नळी त्यांच्या छातीला लावली होती. "बोलू नका," त्या म्हणाल्या. मग नळी जराशी डावीकडे सरकवली आणि डोळे मिटले. भिंतीवरचा आकडा चारवर आला, दोनवर आला, शून्यावर जाऊन लाल झाला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

हृदयाची एक झडप अरुंद झाली होती. डॉक्टरांनी त्यांना घरी जाऊच दिलं नाही. खुर्ची नोंद घेत नव्हती, तेव्हा त्यांनी कागदावर हाताने लिहिलं, सही केली आणि चाकाची खुर्ची मागवली. झडप नवी बसवायला मांडीतल्या शिरेतून आत जायचं, दोन तासांचं काम. 'जुलैपर्यंत थांबला असतात तर' असं वाक्य डॉक्टरांनी सुरू केलं आणि अर्ध्यात सोडून दुसरंच काहीतरी विचारलं.

त्याच दुपारी कानवड्यांच्या फोनवर निरोप आला. 'आपण आजच्या वेळेस अनुपस्थित होता. आपली पुढील तारीख:' आणि पुढे चौदा महिन्यांनंतरचा एक मंगळवार.

संध्याकाळी शिरसाठ सर पेढे घेऊन दवाखान्यात आले. खाटेकडे बघून कसा चेहरा करावा आणि कानवड्यांकडे बघून कसा, ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी डबा कानवड्यांच्या हातात दिला. "चौदा," ते भारावून म्हणाले. "तालुक्यात नाही कुणाला."

"सर, उद्या सकाळी माझ्याबरोबर या. पठाऱ्यांच्या खोलीबाहेर बसू. निरोप आला नसला तरी."

"छे छे. मला काय झालंय?"

"तेच विचारायला."

आहेर काकूंना केतकीने सगळं खरं सांगून टाकलं. दोन दिवस नाशिकहून काहीच आलं नाही. स्थळ गेलं असं धरून कानवडे बायकोला ते कसं सांगावं याची तयारी करत होते. तिसऱ्या दिवशी काकूंचाच फोन आला.

"दादा, एक विचारू? आमच्या ह्यांची तारीख दहा महिन्यांची आहे. मी सगळ्यांना सांगत फिरते. पण हल्ली जिना चढताना ते फोन आल्यासारखं करून मध्येच थांबतात. फोन वाजलेला मला तरी ऐकू येत नाही." त्या घुटमळल्या. "तुम्ही नक्की काय केलंत?"

उज्ज्वलाबाई तीन आठवड्यांत जिना न थांबता चढू लागल्या. ओव्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. झडपेच्या तपासण्यांना त्या पाच वेळा ठरल्या वेळी हजर राहिल्या, कारण कानवडे सकाळी पाणी काढत, पिशवी भरत आणि साडेआठला दारात उभे राहत. मशीनने ते टिपलं. सहाचे हळूहळू ऐंशी झाले आणि सहाव्या खेपेला त्यांना चार दिवसांची तारीख आली.

"आता खुर्चीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नोंद होणार नाही."

"नळी आहे ना त्यांच्याकडे?"

डॉक्टर पठाऱ्यांना आता आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी कानवड्यांना आठ मिनिटं तपासलं. "रक्तदाब थोडा जास्त आहे, गोळी देते. बाकी गुडघाच."

"मग मला त्या वेळी तीन दिवसांत का बोलावलं होतं?"

"त्या गुरुवारी कुणीतरी आयत्या वेळी रद्द केलं होतं. रिकामी नऊ मिनिटं भरायला नक्की येणारा माणूस हवा होता."

कानवड्यांना ते लगेच पटलं. त्यांनीही हेच केलं असतं.

खुर्चीत न बसल्याबद्दल मशीनने उज्ज्वलाबाईंना अनुपस्थित धरलं. महिन्याभराने दोघांनी पुन्हा फोन केले, शेजारी शेजारी बसून. या वेळी तारखा एकाच क्षणी आल्या. कानवड्यांनी दोन्ही फोन टेबलावर ठेवले आणि चष्मा घातला.

तिची: एकोणीस मे, दहा छत्तीस, खोली चार.

त्यांची: एकोणीस मे, दहा छत्तीस, खोली चार.

बराच वेळ ते दोन पडद्यांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"काय झालं?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं.

"सतरा नंबर," ते म्हणाले. "आपल्या दोघांपैकी एकच जण येणार, असं धरलंय तिने."

"कोण?"

"ते ती सांगत नाही."

उज्ज्वलाबाईंनी दोन्ही फोन उचलले, स्क्रीन पदराला पुसल्या आणि शेजारी शेजारी चार्जिंगला लावले.

"दोघंही जाऊ," त्या म्हणाल्या. "साडेआठला निघायचं. आणि तुमची ती कॉलर सांभाळा."